पुढच्या रविवारचं लग्न

सकाळी ऑफिसात आल्यावर सुजाताताई आधी सिद्धार्थला बघायच्या. पंखा नंतर, पाणी नंतर, खिडकी उघडणं त्याहून नंतर. पर्स खांद्यावरच असायची. तशाच खुर्चीच्या कडेला टेकून त्या कॉम्प्युटर सुरू करायच्या, एका फाईलमध्ये कुठेतरी एक टिंब टाकायच्या, ते पुसायच्या आणि फाईल सेव्ह करायच्या. की समोरच्या ताटाळ्यात ताटांसारखे उभे केलेले सहा मोबाईल एकामागून एक उजळायचे. सहाही पडद्यांवर एकच लग्नपत्रिका. ताई चष्मा कपाळावर सरकवून, मान पुढे काढून प्रत्येक फोनवरची एकच ओळ वाचायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, “आला. बराबर आला.” मग पंखा.

सुरुवातीला मला वाटलं, असेल त्यांचा एखादा नेम. पुढे कळलं की सिद्धार्थ हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. आष्टीला राहतो, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, आणि सोळा वर्षं झाली, बहीणभावाचं बोलणं नाही.

आमचं ऑफिस जालन्यात मोंढ्याजवळ, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. खालून औषध लावलेल्या बियाण्यांचा उग्र, गोडसर वास यायचा आणि दुपारी तीनच्या सुमाराला त्या वासानंच डोळे जड व्हायचे. आम्ही वेबसाइट करायचो. शाळांच्या, बियाणे कंपन्यांच्या, आणि लग्नसराईत मोबाईलवर पाठवायच्या पत्रिका. ताई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. आधी त्या घरी झंपरं शिवायच्या, मग महिलांच्या एका वर्गात कॉम्प्युटर शिकल्या, आणि शिवणकामाची सगळी शिस्त त्यांनी तशीच्या तशी इकडे आणली. “आधी कच्चा टाका घाल, अंगाला लावून बघ, मंग मशीन चालव,” असं त्या म्हणायच्या, आणि हे झंपराविषयी आहे की वेबसाइटविषयी, हे विचारायची सोय नव्हती.

माझा स्वभाव याच्या बरोबर उलटा. काम हातात आलं की ते पार पाडून मोकळं व्हायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण ताईंनी मला इतक्या वेळा ऐकवली की शेवटी त्या नुसतं माझ्या गुडघ्याकडे बघायच्या आणि मी समजायचे.

पत्रिकेचा साचा म्हणजे एक फाईल. नवरीचं नाव यायचं तिथे दोन महिरपी कंसांत नुसतं ‘वधू’ लिहिलेलं, नवऱ्याच्या जागी ‘वर’, तारखेच्या जागी ‘तारीख’. ही फाईल तशीच ब्राउझरमध्ये उघडली तर माणसं दिसतच नाहीत, कंस दिसतात. जणू कंसांच्या घरी कार्य आहे. म्हणून मी येण्याआधीपासून ऑफिसात एकच रीत होती: बदल करायचा, सरळ चालू वेबसाइटवर चढवायचा आणि तिथे जाऊन बघायचं. “चढवून मंग बघणं म्हंजे पंगतीत वाढून मंग मीठ चाखणं हाय,” ताई म्हणायच्या. पण ऐकतंय कोण? मालकांना घाई, मला तर त्याहून घाई.

मग एकदा वरपित्याचा फोन आला. आमच्या साच्यात एक कळ होती. घरातलं माणूस हयात नसेल तर नावाआधी ‘कै.’ लागायचं, बौद्ध घर असेल तर ‘कालकथित’, मुसलमान घर असेल तर ‘मरहूम’. ती कळ मी उलटी फिरवली आणि न बघता चढवून जेवायला बसले. फोनवर माणूस मोठ्यानं बोलत होता, मागे घंटांचा आवाज. “मॅडम, मी राजूरला गणपतीच्या रांगेत उभाय, आन घरून पोरगं फोन करून राह्यलं की पप्पा तुम्ही पत्रिकेत वारले!” ताईंनी फोन घेतला. “आयुष्य वाढलं दादा तुमचं,” त्या म्हणाल्या. “ते वाढलं हो, पण तुम्ही जल्दी सुधारा. माझी सासू रडून राह्यली, आन ती मला बघून कधीच रडली न्हाई!”

त्या दिवसानंतर ताईंनी मालकांकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि आमची मांडणी बसवली. एका फोल्डरमध्ये साचे. दुसऱ्यात नुसती माणसं, म्हणजे नावं, नाती, गावं, तारीख. आणि दोघांची गाठ घालून देणारा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला ताई ‘मध्यस्थ’ म्हणायच्या. मध्यस्थ आमच्याच कॉम्प्युटरवर बसायचा. तो जे दाखवायचा ते आमच्या चार भिंतींतच दिसायचं, बाहेर कुणाला नाही. साच्यात काहीही बदललं आणि फाईल सेव्ह केली की ब्राउझर आपोआप ताजे व्हायचे, आणि त्यांच्यासोबत ते सहा फोनही. फोन सगळे जुने, कुणाकुणाच्या घरून मागून आणलेले. दोन तडकलेले, एक खालच्या दुकानदाराचा, एकाची अर्धी काच पिवळी पडलेली. ताटाळं ताईंनी घरून आणलं. “मग ताटं कुठे ठेवता?” मी विचारलं. “पालथी,” त्या म्हणाल्या.

मालकांच्या मोठ्या पडद्यावर छान दिसलं की झालं, हे त्यांना मान्य नव्हतं. “पत्रिका उघडणार हाय ती ह्या फुटक्या फोनवर, बांधावर, उन्हात,” असं म्हणून त्या एखादा फोन घेऊन गॅलरीत जायच्या आणि भर दुपारी हाताचा आडोसा करून पान वाचायच्या. खाली हमाल पोती उतरवत असायचे, वर ही बाई उन्हात उभी राहून न झालेल्या लग्नाची पत्रिका वाचते आहे.

नवीन साचा तयार झाला की पहिल्यांदा तो त्या स्वतः बघत नसत. नवी साडी आपण नेसण्याआधी जिवाभावाच्या बाईला घडी मोडायला देतात ना, तसं त्या मला बोलवायच्या. “ये, घडी मोड.” मी बसायचे, पान वरपासून खालपर्यंत बघायचे आणि त्या पानाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायच्या. माझ्या भुवया कुठे वर जातात तेवढं टिपून त्या बरोबर तीच जागा दुरुस्त करायच्या. माझ्या तोंडाचा असा उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

पण खरी गंमत त्या दुसऱ्या फोल्डरची. बाकीच्या ऑफिसांत नमुना म्हणून ‘अबक’ नाहीतर ‘वराचे नाव येथे’ असं काहीतरी टाकतात. ताईंना ते चालत नसे. “अबक कधी अडत न्हाई. अडतं ते सिद्धार्थ,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते खरंच होतं. सहातल्या सर्वांत जुन्या फोनवर ‘सिद्धार्थ’मधला ‘द्ध’ फुटायचा, मध्येच पाय मोडलेला द दिसायचा आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. ते नाव नीट उमटलं की बाकी सगळी नावं नीट उमटणार, अशी त्यांची खात्री. म्हणून नमुन्याची पत्रिका त्यांनी स्वतःच्याच घरची केली. नवरी त्यांची मुलगी मैत्रेयी. आईवडील ताई आणि त्यांचे मिस्टर. आजोबांच्या नावाआधी कालकथित. आणि मामा, आयुष्मान सिद्धार्थ.

मैत्रेयी तेव्हा छत्रपती संभाजीनगरला नर्सिंग शिकत होती. तिला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. तिचा नवरा दर महिन्याला बदलायचा, कारण ज्या जोडाक्षराची परीक्षा घ्यायची असेल तेच नाव ताई टाकायच्या. एका महिन्यात शार्ङ्गधर, दुसऱ्यात त्र्यंबक, मग ज्ञानदीप. “आई, निदान नवरा तरी एकच ठेव गं,” ती फोनवर म्हणायची. “मामा एकच हाय ना? मंग झालं,” ताई म्हणायच्या.

आणि तारीख. पत्रिकेत लग्नाला किती दिवस, किती तास उरले ते दाखवणारं घड्याळ असायचं, आणि तारीख उलटून गेली की ते शून्यावर जाऊन मरायचं. म्हणून ताईंनी मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं की नमुन्यातलं लग्न कायम पुढच्या रविवारी धरायचं. रविवार आला की ते आपसूक पुढे सरकायचं. चार वर्षं ते लग्न पुढच्या रविवारी होतं. ठिकाण राजूर रोडवरचं एक मंगल कार्यालय, नाव ताईंनी मनानंच ठेवलेलं.

जेवणानंतरच्या त्या पेंगुळलेल्या वेळात कधी कधी मला ते लग्न दिसायचं. सहा फोनांचा उजेड ताईंच्या चष्म्यात पडलेला असायचा, घड्याळातले सेकंद मुकाट्यानं गळत असायचे आणि मला वाटायचं, कुठेतरी मांडव घातलेला आहे, खुर्च्या मांडल्यात, बुंदी पाडणं चाललंय, नवरा कोण ते अजून ठरायचंय, पण मामा वेळेवर आलाय. ताईंनाही तसंच काही दिसत असावं. एकदा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ह्या लग्नाला तरी त्याला बोलावणं हाय.”

मग त्यांनीच सांगितलं. सिद्धार्थच्या लग्नाची पत्रिका घरी आली तेव्हा त्यात आत्या होत्या, मावश्या होत्या, चुलत बहिणींच्या नवऱ्यांचीही नावं होती, आणि सख्ख्या बहिणीचं नाव नव्हतं. लग्नाआधी काही किरकोळ कुरबूर झाली होती, तिच्याशी ताईंनी ते जोडलं. “मला वाटलं, छापायचं नसंल तर यायचं कशाला?” त्या लग्नाला गेल्या नाहीत. सख्खी बहीण लग्नाला आली नाही म्हणून त्यानं बोलणं टाकलं. आई होती तोवर दोघं पाळीपाळीनं तिला भेटून जायचे, आई गेल्यावर तेही संपलं. आपल्याकडे पत्रिकेतल्या एका ओळीवरून माणसं जन्मभर तोंड बघत नाहीत, हे मला नवीन नव्हतं. माझ्या माहेरी जांब समर्थला अशी दोन घरं समोरासमोर आहेत. पण ताईंना मी पहिल्यांदाच इतकं हळू बोलताना ऐकलं. “एकदा तरी त्यानं यावं,” त्या म्हणाल्या, “भांडायला का होईना.”

आता माझा पराक्रम सांगते. लग्नसराईतला बुधवार. ताई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आष्टीच्या एका घरची पत्रिका आदल्या दिवशी गावभर गेली होती आणि नवरदेवाचा भाऊ फोनवर फोन करत होता, थोरल्या काकांचं नाव राहिलंय, काका रुसलेत, आत्ताच्या आत्ता घाला. मी नाव घातलं. ताटाळ्याकडे पाहिलं नाही. नमुन्याचं फोल्डर आणि खरं फोल्डर शेजारी शेजारी होती, आणि त्या दिवसांत नमुन्याच्या पानावर ‘नमुना’ अशी तिरकी पट्टी नव्हती, ती पुढे आली. मी नमुनाच चढवला. तासाभरानं तोच भाऊ हसत विचारत होता, “मॅडम, आमच्या लिंकवर हे कोण मैत्रेयी आन त्र्यंबक?”

मी घाम पुसत खरी पत्रिका चढवली, त्यांची माफी मागितली आणि सगळं निस्तरलं असं स्वतःला समजावलं. त्या तासाभरात आष्टीत ती लिंक कुणी कुणी उघडली असेल, हा विचार मनात येऊ लागला की मी दुसरं काम काढायचे. ताई आल्या तेव्हा त्यांचा गाल सुजला होता. म्हटलं, उद्या सांगू. गुरुवारी म्हटलं, आता काय सांगायचं? शुक्रवारी तर मी ते जवळजवळ विसरलेच होते.

रविवारी काम तुंबलेलं म्हणून आम्ही दोघीच ऑफिसात होतो. साडेबारा वाजले असतील. जिना चढल्याचा आवाज आला आणि दारात एक माणूस उभा राहिला. पांढरा कडक शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, एका हातात साडीचं खोकं, दुसऱ्या हातात पिशवी, तिच्यातून नवं पितळी ताट डोकावत होतं.

“राजूर रोडला दोन तास झाले कार्यालय हुडकून राह्यलो,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “कुणालाच ठाऊक न्हाई. पत्रिकेखाली तुमचा पत्ता व्हता, म्हणून आल्तो.” मग त्याची नजर ताईंवर गेली. तो एक पाऊल मागे सरला. “अक्का? तू हितं? आन लग्न?”

ताई उभ्या राहिल्या होत्या. “कुणाचं लग्न, सिद्धा?”

“मैत्रेयीचं.” त्यानं फोन काढून पुढे धरला. बुधवारी घेतलेला पडद्याचा फोटो. मामा, आयुष्मान सिद्धार्थ.

मी एका दमात सगळं ओकले. बुधवार, काका, दोन फोल्डरं, त्र्यंबक नावाचा माणूसच नाही, चूक माझी, ताईंना काहीच माहीत नाही. तो ऐकत होता की नाही, देव जाणे. त्याचा चेहरा लाल होत गेला.

“म्हंजे लग्न न्हाईच?”

“न्हाई,” ताई म्हणाल्या.

“फोन करावा म्हटलं, तर बायको म्हणली, नाव छापलंय, आता फोन कशाला, सरळ जायचं. तिनं साडी आणली. गल्लीत सांगून आलो, भाचीच्या लग्नाला चाललोय म्हणून.” त्याचा आवाज फाटला. “सोळा वर्षांनी माझी मस्करी केली व्हय, अक्का?”

तो जिन्याकडे वळला. हा माणूस आता उतरला तर परत कधीच चढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याला कारण मी.

ताईंनी त्याला अडवलं नाही. विनवलंही नाही. त्या खुर्चीवर बसल्या. “जायचं तर जा,” त्या म्हणाल्या, “पण हे एकडाव बघून जा.” त्यांनी फाईल उघडली, एक टिंब टाकलं, पुसलं आणि सेव्ह केली. ताटाळ्यातले फोन एकामागून एक उजळले.

“वाच.”

तो दारातूनच वाकून बघायला लागला, मग जवळ आला. पहिला फोन, दुसरा, तडकलेला तिसरा. सहाही ठिकाणी तो होता.

“चार वर्षं झाले,” ताई म्हणाल्या. “रोज सकाळी आधी तुझं नाव बघते. फुटलं का, रफार पडला का. ते बराबर असलं तर मंग दुसऱ्याचं काम. मस्करी करायला कुणी चार वर्षं बसतं का रे?”

“पंखासुद्धा नंतर लावतात,” मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली. पिवळ्या काचेच्या फोनवर त्यानं आपल्या नावावर बोट टेकवलं. खाली मोंढा रविवारचा झोपला होता, एका ट्रकचं रेडिओवरचं गाणं तेवढं लांबून येत होतं.

“तुझं नाव मी काढलं न्हाई, अक्का,” तो फोनकडे बघतच म्हणाला. “परतूरला छापायला दिल्ती. प्रूफ आल्तं दुकानावर. माझे हात ग्रीसनं काळे. म्हटलं, काय बघायचं त्यात, टाका छापून. गठ्ठा आला तवा समजलं, शेवटची ओळच गेल्ती. तुझी.”

“मंग सांगायचं न्हाई?”

“लग्नात आलीस की सांगू म्हटलं. तू आलीच न्हाईस. मंग राग आला. पुढं राग गेला, तर लाज राह्यली.”

“प्रूफ,” ताई म्हणाल्या. नुसतंच. जन्मात पहिल्यांदा तो शब्द ऐकावा तसा. मग त्या रडायला लागल्या, तो रडायला लागला, आणि माझा काडीचा संबंध नसताना मीही रडले.

दोन डबे तिघांनी खाल्ले. शेंगदाण्याची चटणी त्यानं दोनदा मागून घेतली आणि आईच्या हातची आठवण काढली. आहेराचं काय करायचं, असं त्यानं विचारलं तेव्हा ताईंनी तो परत दिला. पोरीचं शिक्षण चालू आहे, तिचं ती ठरवील, तोवर तू रिकाम्या हातानं येत जा, म्हणाल्या. त्यानंतर तो यायचा. महिन्या-दोन महिन्यांनी, मोटारीचे सुटे भाग घ्यायला जालन्यात आला की वर येऊन चहा पिऊन जायचा. पुढे मैत्रेयीला नोकरी लागली आणि ताई तिच्याकडे संभाजीनगरला राहायला गेल्या. ताटाळंही नेलं. आता ऑफिसात फोन टेबलावर आडवे पडून असतात.

पण मला त्या रविवारची संध्याकाळच आठवते. तो जिना उतरून गेला आणि मी बोलणी खायला तयार होऊन बसले. ताई खिडकीशी उभ्या होत्या. रस्ता ओलांडून स्टँडकडे जाणाऱ्या त्याच्या पाठीकडे बघत.

“बुधवारी झालं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आन आज रविवार.”

“भ्याले होते, ताई.”

तो कोपऱ्यावर दिसेनासा झाला, तरी त्या तिकडेच बघत राहिल्या.

“तुझे चार दिवस, त्याचे सोळा वर्षं,” त्या शेवटी म्हणाल्या. “चूक दोघांची बी एवढीशीच. चुकलं की त्याच दिवशी सांगत जा, अर्चना. समोरचं माणूस वाट बघून राह्यलेलं असतं.”